मलापण

हाताच्या प्रत्येक बोटाला पेरं तीन. अंगठ्याला दोन.

प्लास्टर ओलं असतं तेव्हा आतून गरम लागतं. मग गार होतं. मग घट्ट.

न्हाव्याची कात्री मधेच थांबली, की समजावं, त्याला काहीतरी सांगायचंय.

आत्या साठीला आली तेव्हा तिला एकूण अडतीस रोग होते. आम्ही भावंडांनी वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती. त्यातला एकही तिला नव्हता.

प्रश्न नववा : सदर त्रास अर्जदारास घटनेपूर्वी होता काय? असल्यास, कधीपासून?

माझ्या कानात काहीही वाजत नाही.

हे शेवटचं वाक्य आज सकाळी मला स्वतःलाच दोनदा सांगावं लागलं, न्हाव्याच्या दुकानाबाहेर फुटपाथवर उभं राहून, कापलेले बारीक केस कॉलरच्या आत टोचत असताना. झालं होतं एवढंच. दुपारी तीनला सुनावणी, म्हणून सकाळी केस कापून घ्यावेत म्हटलं. सुनावणीला मला बोलावं लागत नाही, पण समोर बसावं लागतं, आणि मानेवर केस वाढलेला तज्ज्ञ बरा दिसत नाही. न्हावी नेहमीचा, म्हातारा, कमी बोलणारा. डाव्या कानामागचं काम चालू असताना त्याची कात्री थांबली. आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, माझ्या कानात शिट्टी वाजते हो. दिवसभर. लांब कुणाच्यातरी घरी कुकर लागलाय आणि कुणी उठून गॅस बंद करत नाही, तशी." मी म्हणालो, "माझ्या पण." का म्हणालो? विचार करून नाही म्हणालो. समोरून चेंडू आला की हात जसा वर जातो तसे ते दोन शब्द वर गेले. न्हाव्याचा चेहरा असा उजळला, की जन्मात इतकं सुख मी त्याला टीप देऊन दिलं नसेल. "काय सांगता!" पलीकडच्या खुर्चीवर त्याचा भागीदार कुणाची तरी दाढी करत होता, त्याला तो म्हणाला, "ऐकलंस का रे, साहेबांना पण आहे!" भागीदार म्हणाला, "शिकलेल्यांना होतंच ते. डोकं चालतं ना, त्याचा आवाज." "मग मला कशाला झालं?" "तुला उसनं मिळालं असेल, रोज डोकी हाताळतोस." दोघं हसले, मीही हसलो. मग न्हाव्याने विचारलं, "कुठल्या कानात?" मी म्हणालो, "डाव्या." "कधीपासून?" आणि मी, वैद्यकशास्त्राची पदवी घेतलेला, मंडळाचा एकोणीस वर्षांचा मूल्यमापक, क्षणभर डोळे किलकिले करून, खरंच आठवल्यासारखं करून म्हणालो, "झाली असतील सहा-सात वर्षं."

सहा-सात वर्षं.

बाहेर आलो आणि फुटपाथवरच थांबलो. कारण हा आकडा मी ओळखत होतो. अक्षरासकट ओळखत होतो. माझ्या अहवालांमध्ये तो किती वेळा आला असेल? पाच वर्षं कुणी म्हणत नाही, आठ कुणी म्हणत नाही. सहा-सात. जे आठवत नाही, पण समोरच्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं, तेव्हा माणूस जे देतो तो हा आकडा. मी एकोणीस वर्षं तो घेत आलो. घेऊन लिहीत आलो. आज पहिल्यांदा दिला.

माझं काम सांगायला सोपं आहे. रुग्णालयाच्या हातून चूक होते, माणसाचं नुकसान होतं, माणूस मंडळाकडे भरपाईचा अर्ज करतो. चूक झाली का, ते दुसरे लोक ठरवतात. माझ्याकडे फाइल येते तेव्हा चूक बहुतेक कबूल झालेली असते. वाद उरतो तो एवढाच, की आता जे मोडलेलं दिसतंय, त्यातलं चुकीमुळे किती मोडलं आणि आधीचंच मोडलेलं किती होतं. माझ्या फॉर्मवर दोन रकाने असतात. आधीचं. नंतरचं. दोन्हींची बेरीज शंभर व्हावी लागते. आधीच्या रकान्यात मी जेवढं टाकीन तेवढी भरपाई कापली जाते. मी या कामावर आलो तेव्हा जुन्या मूल्यमापकांनी मला सांगितलं होतं, "तडा गेलेलं मडकं फोडलं, तरी मडकं फोडलंच. मडकं पाणी धरत होतं ना? मग तड्याचं नाव काढायचं नाही. पण आधीच गळत असेल, तर जेवढं गळत होतं तेवढं वजा." म्हणजे सगळी मदार या एका प्रश्नावर, आधी गळत होतं का? आणि ते कुणाला माहीत असणार? मडक्याला. मग मडक्यालाच विचारायचं. पण सरळ विचारलं तर कुठलं मडकं सांगेल? प्रश्न नववा वाचून दाखवला की अर्जदार खुर्चीत ताठ होतो, सोबत आलेला नातेवाईक खाकरतो, आणि उत्तर येतं, "छे छे, आधी काही म्हणजे काही नव्हतं." त्यावर माझी पद्धत होती. ती माझी म्हणून ओळखली जाते. नव्या लोकांना मी ती शिकवतो. पेन खाली ठेवायचं. चष्मा काढायचा. आणि आधी आपलं दुखणं द्यायचं, मग त्यांचं घ्यायचं.

धाकटी डॉक्टर, माझ्या हाताखालची, यात माझ्याही पुढे गेली आहे. आज अकरा वाजता मी ऑफिसात शिरलो तेव्हा ती तिच्या टेबलावर फायली लावत होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "वा सर, केस! आज काय, सुनावणी की लग्न?" "सुनावणी." "कुठली? हाताची? ती शिवणकामवाली?" "हो." "ती तर सरळ केस आहे, साठ-चाळीस." मग तिचं आवडतं वाक्य ती बोलली, रोजच्यासारखं, हसत, "बरं सर, माझ्याकडे बाराला एकजण येतोय. काय देऊ, मान की कंबर?" हा आमचा ऑफिसातला विनोद आहे. ज्याचा गुडघा, त्याला गुडघा द्यायचा. ज्याची मान, त्याला मान. "परवा मी मान दिली," ती म्हणाली, "म्हटलं, कॉम्प्युटरमुळे माझी मान रात्रभर ठणकते. लगेच मिळाली. वर मला उशी कुठली घ्यायची तेही सांगून गेले बिचारे." मी विचारलं, "तुझी मान खरंच दुखते?" तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिकवणाऱ्याने पहिल्याच धड्याचं उत्तर विचारावं. "नाही हो सर. तुमची दुखते?" मी म्हणालो, "त्यांची?" ती म्हणाली, "कुणाची?" "परवाच्या माणसाची. त्याची दुखायची का आधी?" "दुखायची ना! तोच म्हणाला. चार-पाच—" तिने फाइल उघडली. "सहा-सात वर्षं."

माझ्या खोलीला खिडकी आहे, तिच्यातून खालचा बसथांबा दिसतो. लंगडत आलेला माणूस जाताना कसा चालतो हे पाहायला ती खिडकी उपयोगी पडते, असं म्हणतात. मी कधी तसं पाहिलं नाही. मला गरज पडली नाही, इतका मी चांगुलपणाने काम करणारा माणूस. हे मी स्वतःबद्दल खरंच मानत होतो. इतर मूल्यमापक दरडावतात, खोटं पकडल्याचा आव आणतात, हात पिरगाळून पाहतात. माझ्या खोलीतून कुणी रडत गेलं नाही. लोक जाताना माझ्या तब्येतीची काळजी करत जायचे.

ती बाई आली होती ती चार महिन्यांपूर्वी, दुपारची. सोबत जाऊ. बाई सेहेचाळीस वर्षांची, तयार कपड्यांच्या कारखान्यात कॉलर बसवायच्या विभागात, बावीस वर्षं. कॉलर बसवणं हे म्हणे सगळ्यात अवघड, कारण तिथे सरळ कापड गोल जागी घालायचं असतं, आणि कापड कुरकुर करतं. हे मला तिने सांगितलं. कारखान्याच्या जिन्यावरून पडली, उजवं मनगट मोडलं, रुग्णालयात प्लास्टर घातलं. घट्ट घातलं. पहिल्या रात्री बोटं सुजली. तिने सांगितलं, दुखतंय. त्यांनी सांगितलं, प्लास्टर म्हटल्यावर दुखणारच. दुसऱ्या दिवशी बोटं निळी पडली, तिने परत सांगितलं. "मी तिसऱ्यांदा सांगितलं नाही," ती मला म्हणाली, "म्हटलं, सारखं काय सांगायचं. त्यांनाही कामं असतात." तिसऱ्या सकाळी कुणीतरी प्लास्टर कापलं तोवर हातातले स्नायू रक्तावाचून मेले होते. आता हाताची बोटं आत वळलेली, पक्ष्याच्या पायासारखी. ती तो हात मांडीवर ठेवून बसली होती आणि डाव्या हाताने तो मधूनमधून झाकत होती, जणू तो खोलीत आणल्याबद्दल तिला वाईट वाटत होतं. उपाय एकच होता. दुसरीकडच्या शल्यविशारदाने लिहून दिलं होतं : वर्षाच्या आत ऑपरेशन, धडधाकट स्नायू सोडवून बोटांना जोडायचे, आणि त्यानंतर सहा महिने रोज व्यायाम करवून घेणारं माणूस. ते सहा महिने नसतील तर जोडलेले स्नायू चिकटून बसतात आणि हात होता तसा होतो. हे सगळं भरपाईतून व्हायचं होतं. दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं. रुग्णालयाने चूक कबूल केली होती. पण त्यांच्या वकिलाने लिहिलं होतं, बावीस वर्षं मशिनीवर बसलेल्या बाईचे हात आधीच निकामी होत आलेले असणार. असणार. मला ते असणार 'होते' करून द्यायचं होतं, नाहीतर खोडायचं होतं.

मी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. उजवा हात हवेत झटकला, बोटं चोळली, आणि म्हणालो, "हे हाताचं दुखणं वाईटच. माझ्याच हाताला बघा ना, रात्री काय मुंग्या येतात."

ती लगेच पुढे झुकली. "येतातच हो," ती म्हणाली. "वयच तसं. मलापण येतात."

"कधीपासून?"

"झाली असतील…" तिने जावेकडे पाहिलं. "सहा-सात वर्षं."

मी चष्मा घातला. पेन उचललं. या दोन हालचालींना किती वेळ लागतो? त्या वेळात ती मला सांगत होती, की झोपताना हात उशीखाली घेऊ नका, डॉक्टरसाहेब, छातीवरही नको, बाजूला मोकळा सोडा. मी लिहीत होतो : अर्जदार उजव्या हातास मुंग्या व बधिरपणा असल्याचे स्वतः कबूल करते, कालावधी अंदाजे सहा ते सात वर्षे. बधिरपणा तिने म्हटला नव्हता. तो मुंग्यांबरोबर लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. आधीचं : साठ. नंतरचं : चाळीस. बेरीज बरोबर.

आत्या आमच्या घरातलीच. आई गेल्यावर तिने मला वाढवलं. तिचं नाव घरात कुणी घेत नसे. आम्ही भावंडं तिला 'मलापण' म्हणायचो, तोंडावर, आणि ती ओ द्यायची. कारण कुणी काही म्हणालं, की पोट जळजळतं, दाढ ठणकते, डोळ्यांपुढे काजवे येतात, तर तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "मलापण." वरच्या मजल्यावरच्या बाई गरोदर असताना त्यांना उलट्या होत होत्या, तर आत्या म्हणाली, "मलापण हो, सकाळी सकाळी." काका म्हणाले, "अगं, पन्नाशी उलटली तुझी, जरा जनाची ठेव." सगळे इतके हसलो, की बाईंना परत उलटी झाली. पण त्या बाई दुपारी येऊन आत्याजवळच बसायच्या. सगळे येऊन तिच्याजवळच बसायचे. हे मी तेव्हा पाहिलं होतं, पण पाहिलं होतं म्हणजे काय, भिंत पाहतो तसं. माणूस दुखणं घेऊन येतो तो एकटा पडलेला असतो आणि 'मलापण' म्हटलं की दोघं होतात, एवढं साधं तिला कळत होतं, आणि त्यासाठी ती स्वतःच्या अंगाला वाटेल ते रोग लावून घ्यायला तयार होती. मी डॉक्टरकी शिकत असताना, शेवटच्या वर्षाला, होस्टेलच्या फोनवर शेजारणीचा फोन आला. "तुझ्या आत्याच्या छातीत दुखतंय म्हणते. डाव्या हातात कळ येते म्हणते. काय करू रे?" मी विचारलं, "आज तिच्याकडे कोण येऊन गेलं?" शेजारीण म्हणाली, "का रे? कोपऱ्यावरचे मास्तर आले होते. त्यांच्या हृदयाचं—" आणि तिथे तीच थांबली आणि हसायला लागली. मीही हसलो. मागून आत्याचंही हसणं ऐकू आलं. तिला काय ते कळलं होतं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, अभ्यास कर. मला काही नाही." मी शेजारणीला सांगितलं, लिंबू-पाणी दे आणि झोपव. संध्याकाळपर्यंत ती गेली. मला कुणी काही म्हणालं नाही. सगळ्यांचंच मत होतं, की तिचं कळणार कसं? तिला आधीपासून सगळंच होतं.

म्हणजे पद्धत माझी नाहीच. तिची. तिने आयुष्यभर जे फुकट दिलं ते मी हत्यारासारखं घासून घेतलं. ती आधी त्यांचं ऐकायची आणि मग आपलं द्यायची, मी क्रम तेवढा बदलला. आणि एक गोष्ट मला आज फुटपाथवर कळली, ती अशी, की मी असं कुणाही माणसाला विचारलं असतं तर त्याने मला दिलंच असतं, कारण नाही म्हणणं म्हणजे समोरच्याला त्याच्या दुखण्यासकट एकटं सोडणं, आणि ते लोकांना जमत नाही. ज्यांना जमतं ते तसे थोडे. त्यांची भरपाई पूर्ण निघते.

कळली. आज कळली, असं मी लिहिलं. असू दे.

नियम असा आहे, की सुनावणी सुरू होईपर्यंत मूल्यमापकाला आपलं मत मागे घेता येतं. कारण द्यावं लागतं, लेखी. एकोणीस वर्षांत मी ते एकदाही केलेलं नाही. बारा वाजता मी कोरा कागद घेतला. लिहिलं : अर्जदाराचे विधान माझ्या एका खोट्या विधानाला सौजन्य म्हणून दिलेले उत्तर होते. वाचलं. बरोबर होतं. मग खालचं मनात आपोआप लिहिलं जायला लागलं : सदर खोटे विधान ही माझी नित्याची पद्धत आहे. मग त्याच्या खाली : त्या पद्धतीने झालेले अहवाल. मग आकडा. मग त्या आकड्यातली माणसं एकेक करून बसथांब्यावर जाताना दिसायला लागली, मान, कंबर, गुडघा, खांदा. जाताना प्रत्येकाने दारात वळून मला काहीतरी सांगितलेलं. शेक घ्या. चढ चढू नका. जपा. शेजारच्या खोलीत बाराचा माणूस आला होता, धाकटीचा आवाज भिंतीतून येत होता, मऊ, अगदी माझा आवाज, "काय सांगू तुम्हाला, माझी कंबर…" मी कागदाची घडी केली. पुन्हा घडी केली. चौकोन इतका लहान झाला की आणखी घडी होईना, तेव्हा तो खिशात टाकला.

तीनला दहा कमी असताना कॉरिडॉरच्या बाकावर ती बसली होती. तीच जाऊ सोबत. मला पाहून दोघी उठल्या. मी म्हणालो, "बसा, बसा." बसल्या नाहीत. मी ठरवलं होतं की विचारायचं. सरळ. आजूबाजूला कुणी नव्हतं, रुग्णालयाचा वकील लांब खिडकीशी फोनवर होता. मी म्हणालो, "ताई, एक विचारू? त्या दिवशी तुम्ही म्हणालात, हाताला मुंग्या येतात. तुम्हाला खरंच यायच्या का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग जावेकडे. जाऊ यावेळी बोलली, हळूच पण दातओठ खाऊन, "सांग ना आता! मी तेव्हाच म्हटलं होतं घरी गेल्यावर, कशाला बोललीस म्हणून. हिला नाही हो कधी मुंग्या न् बिंग्या. हिचं तोंड आहे ना, ते दुसऱ्यासाठीच चालतं."

"गप गं," ती म्हणाली. आणि मग मला म्हणाली, "असू दे डॉक्टरसाहेब. तुम्ही लिहिलंय ना. मग येत असतील."

"मी लिहिलं म्हणून?"

"आता सगळ्यांसमोर तुमचं लिहिलेलं खोटं कशाला करायचं," ती म्हणाली. आवाजात कुठे टोमणा असेल म्हणून मी ऐकत राहिलो. नव्हता. मग तिने विचारलं, "तुमच्या मुंग्या कशा आहेत? हात मोकळा सोडता ना झोपताना?"

माझ्या हाताला मुंग्या येत नाहीत. कधीच आल्या नाहीत. घशाशी ते वाक्य आलं होतं, खरंच आलं होतं, अंगठ्याने खिशातला कागदाचा चौकोन मी दाबून धरला होता. मी म्हणालो, "आता बरंच कमी आहे."

"बघा!" तिने जावेला सांगितलं, आणि तिचा चेहरा सकाळच्या न्हाव्यासारखा झाला.

सुनावणीची खोली लहान. टेबल, सहा खुर्च्या, एक पंखा, ज्याचं एक पातं इतरांपेक्षा नवं आहे. अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. त्या रुमाल नाकाशी धरून फाइलची पानं उलटत होत्या. सुरुवातीला त्या दरवेळी मला विचारतात, "डॉक्टर, मत आहे तसंच ना?" आणि मी मान हलवायच्या आत पुढचं पान उलटतात. आज त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, "एक दुरुस्ती आहे." पान हवेत राहिलं. अर्जदाराच्या बाजूचा वकील, जो आतापर्यंत घड्याळाला किल्ली देत होता, त्यानेही वर पाहिलं. रुग्णालयाचा वकील म्हणाला, "दुरुस्ती? तुमची?" एवढ्या एका शब्दात त्याने माझी एकोणीस वर्षं मला दाखवली, इस्त्री केलेली, घडी न मोडलेली. मला ती इतकी आवडली. हे लिहायला हवं, की त्या क्षणी मला ती आवडली.

"पुनर्विचार केला," मी म्हणालो. "आधीच्या रकान्यात साठच्या ऐवजी तीस."

"कारण?" बाईंनी विचारलं आणि शिंकल्या.

"मुंग्या होत्या," मी म्हणालो, "पण सौम्य होत्या."

"सौम्य," बाईंनी लिहून घेतलं. रुग्णालयाचा वकील कुजबुजत कुणाशी तरी बोलला, मग म्हणाला, "आमची हरकत नाही." इतक्या लगेच म्हणाला, की त्याला शून्याची भीती होती हे माझ्या लक्षात आलं. बाईंनी अर्जदाराला विचारलं, "तुम्हाला मान्य आहे? आधी थोडा त्रास होता, सौम्य?" ती उभी राहिली. वळलेला हात डाव्या हाताखाली झाकला. माझ्याकडे एकदा पाहिलं, जणू माझी परवानगी हवी होती. म्हणाली, "हो. सौम्य."

बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊ बोटांवर हिशेब करत होती आणि तिचा मघाचा राग पार उतरला होता. "सत्तर म्हणजे ऑपरेशन निघतंय गं! ऑपरेशन निघतंय!" मला म्हणाली, "उपकार झाले साहेब. मघाशी बोलले ते मनावर घेऊ नका." ऑपरेशन निघत होतं. नंतरचे सहा महिने निघत नव्हते. व्यायाम करवून घेणारं माणूस निघत नव्हतं. आठ-दहा महिन्यांनी ती बोटं पुन्हा आत वळायला लागतील आणि ती कुणालाही तिसऱ्यांदा सांगणार नाही, हे त्या कॉरिडॉरमध्ये फक्त मला माहीत होतं. मी म्हणालो, "व्यायाम मात्र घरी करा हं, रोज." "करीन की," ती म्हणाली. "तुमचं भलं होवो. आता मीपण बरी होते, तुम्हीपण व्हा." धाकटी डॉक्टर फायली घेऊन शेजारून गेली, थांबली, हळूच मला म्हणाली, "सर, तीस? फार दयाळू आहात तुम्ही." ती हे थट्टेने म्हणाली नाही.

त्या कारखान्यात शिवणाऱ्या बायकांची दरवर्षी तपासणी होते आणि तिच्या गेल्या नऊ वर्षांच्या नऊ फॉर्मांची प्रत फाइलच्या एकेचाळिसाव्या पानापासून लावलेली होती, शेवटची ती जिन्यावरून पडली त्याच्या सहा आठवडे आधीची. त्यातल्या प्रत्येक फॉर्मवर 'हातास मुंग्या अथवा बधिरपणा' या ओळीपुढे 'नाही' लिहिलेलं होतं, आणि ती सगळी पानं मी वाचली होती, ती माझ्या खोलीत येऊन बसली त्या दुपारी, ती यायच्या अर्धा तास आधी.